गिरणगावातील खानावळींचा जमाखर्च

मुंबईच्या कापडगिरण्यांविषयी आजवर जे लेखन झाले त्यात मालकांचे भांडवल, विलायतेहून आलेली यंत्रे, कामगारांचे संप आणि त्यांच्या संघटनांमधील मतभेद यांची चर्चा विस्ताराने आढळते. परंतु ज्या माणसाच्या अंगमेहनतीवर हा सारा व्यवहार चालला तो दोन वेळा कोठे जेवत होता, त्या जेवणापोटी पगारातील किती हिस्सा खर्ची पडत होता, आणि एवढ्या तुटपुंज्या प्राप्तीतून गावाकडे धाडण्याइतकी शिल्लक त्याच्या हाती कशी उरत होती, हे प्रश्न बहुधा तळटीपेपुरतेच राहिले. त्यांचा माग काढू लागले की वाट परळ-लालबागच्या एखाद्या चाळीतील खानावळीपाशी येऊन पोहोचते. तेथे एकाच चुलीवर दोन संसारांची काटकसर चालत होती. जेवणाऱ्या कामगाराला हॉटेलापेक्षा स्वस्तात घरचे अन्न मिळत होते, आणि रांधणाऱ्या बाईला नवऱ्याच्या पगारात भर घालणारी, पुष्कळदा त्याच्या पगाराची जागाच घेणारी, जोडकमाई होत होती. गिरणगावाची जी काही आर्थिक ताकद होती तिचा फार मोठा भाग या जोडकमाईत साठलेला होता असे माझे मत आहे, आणि सरकारी वा गिरणीच्या दफ्तरात तिची नोंद झाली नाही म्हणून ते बदलण्याचे मला कारण दिसत नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथील त्यांची गिरणी चालू झाली. पुढे भायखळा, परळ, लालबाग, वरळी, नायगाव, शिवडी या टापूत धुराडी वाढत गेली आणि त्या साऱ्या मुलखाला गिरणगाव हे नाव पडले. येथे काम करण्यास आलेली माणसे मुख्यत्वे रत्नागिरी जिल्ह्यातील आणि सातारा, पुणे, कोल्हापूर या घाटावरच्या भागांतील होती. कोकणात भातशेतीचे तुकडे लहान, डोक्यावर खोताचा अंमल, आणि पावसाळा सरल्यावर हाताला काम नाही. घाटावर अवर्षणाची टांगती तलवार आणि सावकाराचा तगादा. तेव्हा घरातील एका भावाने मुंबईस जावे, बाकीच्यांनी जमीन सांभाळावी आणि मुंबईकराने खंडापुरता, सारा भरण्यापुरता, लग्नकार्यापुरता रोख पैसा पुरवावा, अशी वाटणी घरोघर होऊन बसली. म्हणजे शहरातल्या माणसाला जो आपला पगार वाटे, तो गावच्या कुटुंबाच्या दृष्टीने शेतीला जोडलेला पूरक धंदाच होता. १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा कामगारांनी गिरण्या ओस टाकून गावचा रस्ता धरला, यात ज्यांना नवल वाटले त्यांना ही वाटणी कळलेली नव्हती.

या व्यवस्थेचा परिणाम असा झाला की मुंबईत पुरुषच पुरुष गोळा झाले. १९२१ च्या खानेसुमारीत शहरात दर हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या, आणि गिरणगावातील काही गल्ल्यांत हे प्रमाण याहूनही विषम असावे. बायकामुले गावी ठेवून आलेले हे लोक एका गावचे किंवा एका वाडीचे असे मिळून एकच खोली घेत. गावकीच्या मंडळाच्या नावावर असलेल्या अशा खोलीत भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर कपडे, खाली पत्र्याच्या ट्रंका एकावर एक, आणि वळकट्या. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा माणूस अंग टाकी. भाडे डोईवारी वाटले जाई, त्यामुळे माणशी खर्च नाममात्र पडे, आणि दरमहा वर्गणी काढून जमवलेल्या पैशांतून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, एखाद्याच्या घरी मयत झाल्यास वाटखर्ची, अशा गोष्टी पार पडत. धोबीतलावाकडे गोव्याच्या खलाशांच्या ज्या कुडी होत्या त्यांची रचना हीच. बोटीवर चढेपर्यंत आणि बोटीवरून उतरल्यावर माणसाने शहरात कमीत कमी खर्चात राहावे, एवढाच तिचा हेतू. परंतु अशा खोलीत रांधायचे कोणी? तेथे वेळ नव्हता, जागा नव्हती, आणि पाळीवरून आलेल्या पुरुषाच्या अंगात ताकदही उरलेली नसे. ही गरज खानावळीने भागवली.

पगाराचे गणित पाहिल्यावाचून खानावळीचे महत्त्व ध्यानात येणार नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात गिरणीतील पुरुष कामगाराची महिन्याची सरासरी प्राप्ती तीस-पस्तीस रुपयांच्या घरात होती, आणि तीही महिना भरल्यावर लगेच हाती पडत नसे. पुढच्या महिन्याचे आठ-दहा, कधी पंधरा दिवस उलटल्यावर पगार होई. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिला रुपया दिसण्यापूर्वी महिना-दीड महिना उधारीवर काढणे भाग होते. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगारांच्या घरखर्चाची जी पाहणी केली तिच्यात शेकडा ४७ कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले, आणि व्याजाचा सर्रास दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे सालीना शेकडा ७५ होता. दारात काठी आपटीत उभा राहणारा पठाण सावकार हा गिरणगावच्या आठवणींतून अजून गेलेला नाही, यावरून त्या वसुलीची दहशत समजते. अशा स्थितीत, रोख न मागता महिनाभर जेवू घालणारी आणि पगाराच्या दिवशी हिशेब करणारी खानावळवाली ही कामगाराची पहिली आणि सर्वांत सौम्य धनको होती. या महिनाभराच्या अन्नावर ती व्याज लावीत नव्हती.

आणि बचत कशासाठी, तर मनिऑर्डरसाठी. टपालखात्याने १८८० पासून मनिऑर्डरीचे काम हाती घेतले आणि १८८२ मध्ये टपाल कचेऱ्यांतून बचत खाती उघडली. बचत खात्यापर्यंत गिरणी कामगार फारसा पोहोचला नसला, तरी मनिऑर्डर त्याने पूर्णपणे आपली केली; रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरीवर जगतो असे म्हटले जाई, ते अक्षरशः खरे होते. पगार झाला की आधी खानावळीचे, मग खोलीभाड्याचे, मग वाण्या-सावकाराचे, आणि मग टपाल कचेरीच्या खिडकीपाशी रांग, हा क्रम ठरलेला. खानावळीचे पैसे सर्वांत आधी चुकते होत, कारण ते थकले तर दुसऱ्या दिवशी भूक होती. आणि खानावळ स्वस्त पडे म्हणून तर शेवटच्या खिडकीपर्यंत काही उरे.

आता खानावळीच्या आत पाहू. बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. या चाळी १९२० नंतर मुंबई डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधल्या, आणि खाजगी चाळींतील खोल्या याहून लहान. या जागेत नवरा-बायको, त्यांची मुले, कधी सासू, आणि जेवायला येणारी पंधरा-वीस माणसे. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठे, कारण सकाळची पाळी सातला भरे आणि त्याआधी डबे भरून व्हायला हवेत. शिवाय नळाला पाणी त्याच सुमारास. कोळशाची शेगडी पेटवून एकीकडे आमटी किंवा उसळ चढवायची आणि दुसरीकडे भाकऱ्या थापत बसायचे. वीस माणसांच्या मागे एका वेळेला साठाच्या वर भाकरी लागे, आणि ती करताना परातीतून हात निघत नसे. कोकणातली माणसे असतील तर तांदळाची भाकरी, भात आणि सुकट किंवा बोंबील. घाटावरची असतील तर ज्वारीची भाकरी, झुणका, लसणाची चटणी. रविवारी मटण किंवा मासळी ठेवणे हे चांगल्या खानावळीचे लक्षण मानत. जागा नसल्याने पंगत दोन-तीन वेळा बसे : पाळीवरून आलेले आधी, पाळीवर जाणारे मग, एक ताट उचलले की ते विसळून दुसऱ्यापुढे. जेवणारा गावचा असला तर बाई त्याची वहिनी किंवा काकी होई, परगावचा असला तर मावशी. आणि एखादा तापाने पडला तर वेगळे वाढीव पैसे न लावता त्याला पेज करून देणे हेही त्या नात्यात येई. दुपारचे डबे गिरणीच्या फाटकापर्यंत नेण्यासाठी बाया ठेवलेल्या असत, आणि डोईवर पाटी घेऊन भोंग्याच्या वेळेला फाटकापाशी येणारी डबेवाली हे गिरणगावचे नेहमीचे दृश्य होते.

हिशेब महिन्याच्या ठरीव रकमेचा असे आणि त्यात खाडे धरलेले असत. कामगार चार दिवस गावी गेला किंवा दुसरीकडे जेवला तर तेवढे खाडे वजा व्हावेत, अशी रीत होती. मात्र आदल्या दिवशी सांगितले नसेल तर खाडा मिळत नसे, कारण भाकरी तर झालेली असे. ज्या बाईला अक्षरओळख होती, किंवा जिचा मुलगा शाळेत जाई, तिच्याकडे वाण्याच्या दुकानातून आणलेली लांबट वही असे. बाकीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढीत, एकेका माणसाची एकेक ओळ, आणि पगाराच्या दिवशी ती भिंतच दोघांपुढे दाखल्यादाखल ठेवली जाई. या हिशेबावरून झालेले कज्जे थोडे. ज्याला पुढच्या महिन्यात त्याच ताटावर बसायचे आहे तो चार आण्यांसाठी वाद घालीत नाही.

या धंद्यात बाईला उरे काय, हा प्रश्न विचारला म्हणजे आपल्या रूढ अर्थशास्त्राची मोजपट्टी अपुरी पडते. रोख नफा पाहिला तर तो नगण्य दिसेल. पण वीस माणसांसाठी तांदूळ, डाळ, कोळसा घाऊक आणला की घरातल्या पाच माणसांचे पोट त्याच पातेल्यातून भरे, आणि नवऱ्याच्या पगारातील जेवणाखाण्याचा भाग, जो कामगाराच्या खर्चात निम्म्याहून अधिक असे, तो सबंध मोकळा होई. म्हणजे तिची मिळकत ही हाती आलेल्या नाण्यांत कमी आणि न झालेल्या खर्चात अधिक होती. ज्या घरी नवरा बदली कामगार होता, रोज सकाळी फाटकापाशी उभे राहून आज काम लागते की नाही याची वाट पाहत होता, त्या घरी तर हाच एक बांधील उत्पन्नाचा आधार होता. विधवेला तर दुसरे साधनच नव्हते.

बायका या धंद्याकडे वळण्याला आणखी एक कारण घडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव हिस्स्यात गिरण्यांच्या कांडी आणि रिळाच्या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे यंत्रे सुधारली, कामाची फेररचना झाली, स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी होती, आणि १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या प्रसूती लाभ कायद्याने मालकांवर खर्चाचा थोडा बोजा टाकला, तेव्हा मालकांनी स्त्रियांची भरती हळूहळू आटवली. कायदा न्याय्य होता, त्याचा हेतू निःसंशय चांगला होता. पण ज्या स्त्रियांची नोकरी गेली त्यांच्यापुढे चुलीचाच धंदा उरला, आणि तो त्यांनी केला. त्यांच्या श्रमाचे तास मात्र फॅक्टरी कायद्याने मोजले नाहीत. गिरणीत नऊ-दहा तासांनी भोंगा होई, खानावळीत तो कधीच होत नसे.

या थोडक्या मिळकतीतून शिल्लक टाकण्याची पद्धतही बायकांनी स्वतःच बसवली होती. चाळीतल्या बारा जणींनी दरमहा पाच-पाच रुपये काढले तर दर महिन्याला एकीला साठ रुपये एकरकमी मिळत. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरे, आणि ज्या घरी लग्न किंवा आजार असेल तिला इतर जणी आपला क्रम देत. या भिशीला ना कागद होता ना जामीन. एकीने हात आखडता घेतला तर चाळीत तोंड दाखवण्याची सोय राहत नसे, हाच तिचा करारनामा. साठ रुपये आले की त्यांचा एखादा सोन्याचा मणी होई, कारण सोने अंगावर राही आणि अडीअडचणीला गहाण पडे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांमध्ये सहकारी पतपेढ्यांचा प्रसार करण्याचा उद्योग केला, आणि ते काम मोलाचे होते. परंतु पतपेढीचा सभासद व्हायला गिरणीचा हजेरीपट लागे, आणि खानावळवालीचे नाव कोणत्याच पटावर नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा जेवणाऱ्यांची शिधापत्रके एकत्र करून रांगेत उभे राहण्याचे काम बाईच्या आणि तिच्या पोरांच्या वाट्याला आले. तो काळ त्यांनी कसा निभावला यावर स्वतंत्र लिहिण्यासारखे आहे.

परंतु खानावळीचे खरे बळ दिसले ते संपांत. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावट्याची संघटना, उभी राहिली. सहा महिने पगार नसलेली दीड लाख माणसे कशी तगली, याचे उत्तर सभांच्या ठरावांत सापडत नाही. पुष्कळजण गावी गेले. जे मुंबईत राहिले त्यांना वाण्याने उधार दिले आणि खानावळवालीने उधार वाढले. वाण्याची उधारी व्याजासकट वसूल होत होती, बाईची तशी होत नव्हती. संप मोडला किंवा मिटला की मागची बाकी दरमहा थोडी थोडी फेडायची, हा शब्द पाळला जाई. पण त्या दरम्यान स्वतःचे डाग सावकाराकडे ठेवून तिने डाळ आणलेली असे. १९७३-७४ च्या हिवाळ्यातील संपातही हेच घडले.

त्या संपानंतर या स्त्रियांना प्रथमच संघटित करण्याचा यत्न प्रेमाताई पुरव यांनी केला. गोवामुक्तीच्या लढ्यात कोवळ्या वयात उडी घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंच्या लक्षात एक गोष्ट आली : ज्या बाया संपकऱ्यांना जेवू घालतात त्या स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या कचाट्यात आहेत; वाणी उधारीवर माल देताना भाव चढा लावतो आणि निकस धान्य गळ्यात मारतो, आणि तो बदलण्याची त्यांना मुभा नाही, कारण मागची बाकी उभी आहे. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि दुर्बलांना शेकडा चार व्याजाने कर्ज देण्याची योजनाही आली होती. पण बँकेच्या पायरीवर पाय ठेवायला तारण हवे होते. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि अवघ्या चौदा खानावळवाल्या बायांना बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळवून दिले. एकीचे कर्ज थकले तर गटातल्या इतरांनी तिला सांभाळावे, ही त्या कर्जाची अट. भिशीतील जो भरवसा बायकांच्या अंगवळणी पडलेला होता तोच येथे बँकेला तारण म्हणून रुजू झाला. रुपयाला महिना एक आणा हा दर ज्यांनी पिढ्यानपिढ्या सोसला त्यांच्या दृष्टीने शेकडा चार म्हणजे काय, हे अंकांत सांगण्याची गरज नाही. कर्जे फिटत गेली, बायांची संख्या वाढत गेली, आणि पुढे मंडळाने सामूहिक स्वयंपाकघरे चालवून कचेऱ्यांना जेवण पुरवण्यापर्यंत मजल मारली. याच शहरात गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा जो उद्योग काढला आणि जो लिज्जत या नावाने देशभर गेला, त्याची कीर्ती अधिक झाली. पण पापड महिनाभर टिकतो, विक्रीला बाहेर जातो, आणि भाकरी त्याच दिवशी त्याच माणसाच्या ताटात पडावी लागते, म्हणून अन्नपूर्णेच्या कामातील अडचणी मला अधिक बिकट वाटतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्याच एकेक करून थांबत गेल्या. संपाच्या आरंभी खानावळवाल्यांनी मागच्या संपाप्रमाणेच उधार वाढले, कारण मागचे अनुभव सांगत होते की बाकी फिटते. या वेळी फिटायला पगारच राहिला नाही. माणसे गावकीच्या मंडळाच्या खोलीतून ट्रंका उचलून गावी गेली ती परतली नाहीत. त्यांच्यामागे वहीतली उधारी राहिली. कित्येक खानावळी वर्षा-दोन वर्षांत बंद पडल्या, काहींनी बँकेच्या कारकुनांना आणि बांधकामावरच्या मजुरांना डबे देण्यास आरंभ केला, आणि अन्नपूर्णेच्या सभासदांनी बाहेरची कामे धरली म्हणून त्या तेवढ्या तगल्या. प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्यात भाजीवाल्या आणि कष्टकरी स्त्रियांसाठी याच धर्तीवर कर्जाचे काम सुरू केले.

गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहू लागले, आणि मोठ्या लढ्यानंतर बंद गिरण्यांच्या कामगारांना घरे देण्याची तजवीज झाली. २०१२ मध्ये म्हाडाने त्यांच्यासाठी पहिली सोडत काढली. दाव्यासाठी हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, राज्य विमा योजनेचे कार्ड असले पुरावे मागण्यात आले, आणि कामगार हयात नसेल तर वारसाला हक्क मिळाला. कामगारांचा हा हक्क निर्विवाद आहे, आणि सर्वांना अजून घरे मिळालेली नाहीत ही गोष्ट खेदाची आहे. तथापि त्याच गिरण्यांच्या दोन-तीन पिढ्यांना ज्यांनी उधारीवर जेवू घातले, आणि १९८२ ची बाकी ज्यांच्या पदरी बुडीत पडली, त्या बायांचा कोणत्याही यादीत उल्लेख नाही. नवरा गिरणीत होता म्हणून काहींना वारस या नात्याने अर्ज करता आला, खानावळवाली या नात्याने एकीलाही नाही.